मामा, माचिस

आमच्या मंडळीत रविवारची उपासना संपत आली, की पाळकसाहेब चष्मा काढतात आणि सगळ्यांकडे बघत विचारतात, "आज कोणाला साक्ष द्यायची आहे?" इतकी वर्षं झाली, तरी त्या क्षणी माझी नजर आधी दाराशी पडलेल्या चपलांकडे जाते. पलीकडे बायकांत बसलेली माझी बायको डोळे वटारून माझ्याकडे बघते. मग मी गुपचूप मांडी घट्ट करून बसतो.

ख्रिस्ती माणसांत साक्ष म्हणजे काही कोर्टातली नव्हे. उभं राहायचं आणि देवानं आपल्याला कुठून कुठं आणलं, ते चारचौघांत सांगायचं. कोणाची दारू सुटलेली असते, कोणाचं पोट दुखायचं थांबलेलं असतं. आमच्यातले एक आजोबा एकच साक्ष दर दोन महिन्यांनी देतात आणि प्रत्येक वेळी त्यांचा ताप एका डिग्रीनं वाढलेला असतो. मला हसू येतं. पण हा शब्द मी प्रार्थनेत पहिल्यांदा ऐकला, सुरतेत, तेव्हा हसलो नव्हतो. चप्पल तिथंच टाकून पळालो होतो, नवागामहून थेट भेस्तानपर्यंत, अनवाणी.

प्लेगच्या पुढच्या वर्षी मी सुरतला आलो. प्लेगच्या भीतीनं लोक मिळेल त्या गाडीनं आपापल्या गावी पळाले होते. त्यातले बरेचजण परतलेच नव्हते, त्यामुळे कापडाच्या मागांवर माणूस हवाच होता. ज्या गावातून जग पळालं त्या गावात पळण्यात तरबेज असलेला मी येऊन दाखल झालो, हा विनोद तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. त्याआधी नागपुरात हॉटेलात कपबश्या विसळल्या, वीटभट्टीवर राबलो, भिवंडीत माग शिकलो. चार-पाच महिन्यांवर कुठंच टिकलो नाही. आळशी नव्हतो मी, हात चांगला होता. पण कोणीतरी मायेनं विचारायचं, "कुठला रे तू? घरी कोण कोण असतं?" आणि दुसऱ्या दिवशी माझी पिशवी भरलेली असायची.

सुरतेत मागाच्या कारखान्याला खातं म्हणतात. आमच्या खात्यात ऐंशी माग होते. ते एकदम चालू झाले, की पायाखालची फरशी थरथरायची आणि छातीतही काहीतरी थरथरायचं. नवी माणसं दोन दिवसांत डोकं धरून बसत. मला मात्र तो आवाज ऐकून पहिल्याच दिवशी बरं वाटलं. त्या आवाजात कोणी कोणाला काही विचारू शकत नव्हतं. सगळं खुणांवर चालायचं. दोन बोटांची कात्री केली की सुताची तार तुटली, अंगठा ओठाला लावला की चहा, पोटावरून गोल हात फिरवला की शेठ आले, सरळ उभे राहा. आमचे शेठ अंगानं भरलेले होते, ही खूण त्यांना माहीत होती आणि ते रागावत नसत.

खात्यातले मास्तर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे, नवापूरकडचे खानदेशी. पन्नाशीचे, खिशात कायम पान्हा, आणि पंचवीस वर्षं मागांत काढल्यामुळे दोन्ही कान अर्धे गेलेले. बाहेर रस्त्यावरसुद्धा ते नदीच्या त्या तीरावरच्या माणसाशी बोलल्यासारखे ओरडून बोलायचे. त्यांचं सगळं ऐकणं समोरच्याच्या ओठांवर चाले, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तोपर्यंत मी एक मोठा घोळ करून बसलो होतो.

त्या आवाजात मी बोलायला लागलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा. तार जोडताना, कांडी बदलताना, मागावर वाकून मी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचो: मामा, माचिसचं सांगायचं राहिलं. माझं मलासुद्धा ऐकू येत नसे, मग दुसऱ्याला काय येणार, अशी माझी खात्री होती.

वैनगंगा ओलांडून पूर्वेला गेलं की जंगल लागतं. त्या जंगलात चाळीसएक घरांचं आमचं गाव. तिथं जे चाललं होतं त्याला सरकार युद्ध म्हणत नसे, पेपरातही तो शब्द नसायचा. पण दोन्ही बाजूंना बंदुका होत्या आणि मधे आमची घरं होती. त्याला दुसरं काय म्हणायचं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. जंगलातल्या बंदूकवाल्यांना आम्ही 'आतले' म्हणायचो आणि पोलिसांना 'बाहेरचे'. आतले आले की भात शिजवून द्यावा लागे. मग बाहेरचे येऊन विचारत, भात कोणी शिजवला. माझं बालपण या दोन वाक्यांत मावतं.

मामा आईचा धाकटा भाऊ. दोन घरं सोडून राहायचा. ओढ्यात दगडाखाली हात घालून मासा कसा धरायचा, ते त्यानं मला शिकवलं होतं. कानावर बिडी आणि तोंडात गाणं, असा माणूस. बाजाराला जाताना मला खांद्यावर घेऊन जायचा, मी नऊ वर्षांचा झालो तरी, आणि आई म्हणायची, या घोड्याला उतरव खाली.

एका सकाळी आतले आले. भात झोडपणं चाललं होतं, त्यांनी सगळ्यांना खळ्यावरच बसवलं. सहा जण होते. एकाच्या खांद्यावर नवाकोरा दोर होता. बैल न्यायला आलेत, असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, बाजारात पोलिसांशी कोण बोललं? सगळी मोठी माणसं माना खाली घालून भाताकडे बघत बसली होती. मग त्यांच्यातल्या एकानं मला जवळ बोलावलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, "लेकरू खोटं बोलत नाही. तू पाहिलं का कोणाला? दे साक्ष."

मी पाहिलं होतं. शाळेत गुरुजींनी विचारलेल्याचं उत्तर आपल्यालाच येत असावं तसा मला आनंद झाला. मी बोट दाखवून म्हणालो, "मामा बोलत होता."

मामा उठून उभा राहिला. माझ्याकडे बघून त्यानं मान हलवली, असू दे, असं म्हटल्यासारखी. ते त्याला घेऊन गेले. दोन दिवसांनी तो ओढ्याच्या खालच्या अंगाला सापडला.

मामा बोलत होता, हे खरंच होतं. पण तो पोलिसाकडे माचिस मागत होता, बिडी पेटवायला. एवढंच. हे दुसरं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, पण ते कोणी विचारलं नाही. पहिल्या वाक्यावरच त्यांचं काम झालं होतं.

आईनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. त्या दिवशी मला पोटाशी धरून ती एवढंच म्हणाली, "आता कोनाशी काही बोलू नोको. काहीच बोलू नोको." ती मला वाचवत होती की माझा धिक्कार करत होती, ते मला कळलं नाही. मी पंधरा वर्षांचा झालो तेव्हा, दोन्हीपैकी कोणी मला उचलून बंदूक देऊ नये म्हणून, तिनं मला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराबरोबर बाहेर काढलं. ती गेली तेव्हा मी भिवंडीत होतो. कळलं महिन्यानं. त्यामुळे तिला विचारायचंही राहून गेलं.

तर हे वाक्य मी ऐंशी मागांच्या आवाजात रोज म्हणायचो, आणि म्हटल्यावर थोडं हलकं वाटायचं. मग एक विचित्र गोष्ट घडायला लागली. खात्याच्या दाराशी खिळ्याला आम्ही डब्याच्या पिशव्या टांगायचो. एका दुपारी डबा काढायला गेलो, तर माझ्या पिशवीत माचिस. कोरी. मी बिडी ओढत नव्हतो, कधीच ओढली नाही. कोणाची तरी चुकून पडली असेल म्हटलं. महिन्याभरानं आणखी एक. मग आणखी एक.

कोणाला तरी कळलं होतं. वैनगंगेपासून सुरतेपर्यंत माझ्या मागं कोण आलं असेल, याचा विचार करकरून माझी झोप उडाली. पण पिशवी भरावी, तर मास्तर मला मागाच्या दुरुस्तीत हाताशी घ्यायला लागले होते. पान्हा धरायला शिकवत होते. बिघडलेला माग आपल्या हातानं पुन्हा चालू करणं यासारखं सुख मी पाहिलं नव्हतं, आणि ते सोडून जायला जीव होत नव्हता. आणखी आठ दिवस राहू, असं करत मी वर्ष काढलं. माचिसी फेकून देण्याचीही हिंमत होत नव्हती. त्या सगळ्या मी ट्रंकेत कपड्यांखाली ठेवल्या. अकरा झाल्या होत्या.

मास्तर मला जेवायलाही बोलवायला लागले. त्यांची खोली नवागामलाच, माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या पलीकडं. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायचो. जेवायच्या आधी दोघं डोळे मिटायची, मावशी दोन वाक्यं बोलायची, आमेन म्हणायची आणि लगेच मला म्हणायची, "जेवी ले आधी, मंग लाज." त्यांचे आजोबाच ख्रिस्ती झाले होते, त्यामुळे त्यांना त्याचं काही अप्रूप नव्हतं. मला कोणी समजावायला बसलं नाही. पुढं गावाकडचे लोक मला विचारायचे, कोणी फूस लावली का रे? अहो, फूस लावायलासुद्धा समोरचा माणूस चार शब्द बोलणारा लागतो.

आमच्या भागात आठवड्यातून एक दिवस वीज बंद असे, तीच आमची सुट्टी. त्या दिवशी दुपारी मास्तरांच्या खोलीत प्रार्थना व्हायची, पंधरा-वीस माणसं यायची. मी मागं दाराशी बसायचो. डोळे मिटून सगळे गप्प झाले की त्या शांततेत मला आठवडाभराच्या आवाजाचा शीण उतरल्यासारखं वाटायचं. तिथं मला कोणी काही विचारत नव्हतं, म्हणून मी जात होतो. खरं कारण एवढंच होतं, उगाच मोठं करून सांगत नाही.

मग ती दुपार आली. गाणं संपलं. मास्तर उठले, त्यांनी थेट माझ्याकडे हात केला आणि त्यांच्या त्या नदीपारच्या आवाजात म्हणाले, "आज मना भाचा साक्ष देई!"

भाचा. साक्ष. आणि ट्रंकेत अकरा माचिसी.

सगळे वळून माझ्याकडे बघत होते, हसत होते. मला पुन्हा ते खळं दिसलं. मी उठलो तो सरळ रस्त्यावर. पाय भाजत होते, हे भेस्तानच्या रेल्वे फाटकाशी पोचल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भेस्तानच्याच एका खात्याच्या दाराशी काम मागायला उभा होतो. मागावर बसायला सांगतील म्हणून वाट बघत होतो, तर समोरून सायकल आली. हँडलला प्लास्टिकची पिशवी लटकत होती आणि पिशवीत माझ्या चपला. सुरतेतले सगळे मास्तर एकमेकांना ओळखतात, आणि अनवाणी कारीगर काम मागत फिरतोय ही बातमी माझ्याआधीच नवागामला पोचली होती. मी पळण्यात तरबेज होतो खरा, पण चपला घालून पळायला हवं होतं.

मास्तरांनी चपला माझ्या पायाशी ठेवल्या. "चप्पल टाकीसन काबरं पयना? मी तुले काय करं?"

चहाच्या टपरीवर बसलो. त्यांनी खिशात हात घातला आणि बाकावर माझ्यासमोर एक कोरी माचिस ठेवली. मी तिच्याकडे बोट केलं, ही का, एवढंच कसंबसं विचारलं.

ते जरा ओशाळले. म्हणाले, "तू रोज मागवर वाकीसन म्हनस ना, मामा माचिस, मामा माचिस. माले वाटनं, मालेच मांगी ऱ्हायना. बिडी सोड, अशे सांगानं मनमां व्हतं. पन मामा म्हनीसन मांगस, तं नही कसं म्हनानं?"

मला समजायला वेळ लागला. वर्षभर हा माणूस चार माग सोडून पलीकडून माझे ओठ वाचत होता. वाक्यातले दोनच शब्द त्याला लागले होते. हा मुका पोरगा आपल्याला मामा म्हणतोय, माचिस मागतोय, असं समजून तो दर महिन्याला माझ्या पिशवीत माचिस ठेवत होता. स्वतः बिडीचा कट्टर विरोधक असून. आणि काल त्यानं मोठ्या अभिमानानं आपल्या भाच्याला सगळ्यांपुढं उभं केलं होतं.

मला हसू आलं. हसता हसता रडू आलं, आणि मग थांबेना. ते घाबरले. म्हणाले, "काय व्हयनं? सांग तरी."

मी सांगायला लागलो. पण रडताना ओठ नीट हलत नाहीत. ते दर वाक्याला कानामागं हात धरून म्हणत, "काय?" मग मी ओरडलो. मी माझ्या मामाचं नाव सांगितलं, मी बोट दाखवलं, मी साक्ष दिली, तो फक्त माचिस मागत होता! आयुष्यभर ज्याची चाहूलही कोणाला लागू दिली नाही, ते मी भेस्तानच्या रस्त्यावर फेरीवाल्यासारखं ओरडून सांगत होतो. टपरीवर चार कारीगर होते, चहावाला होता. सगळ्यांनी ऐकलं. काही झालं नाही. एक कारीगर सरकून माझ्या शेजारी बसला, आणि चहावाल्यानं न विचारता माझ्यापुढं आणखी एक चहा ठेवला.

मास्तरांनी कानामागचा हात खाली घेतला. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे मामा म्हनस ते माले नही व्हतं?"

त्यांच्या आवाजात थोडं वाईट वाटलेलं होतं. मी मान हलवली, नाही.

"मंग आते म्हन," ते म्हणाले.

त्या दिवशी मी सायकलवर मागं बसून नवागामला परत आलो. एखाद्या जागेहून निघून पुन्हा तिथंच परतायची ती माझी पहिली वेळ.

साक्ष म्हणजे काय, ते मला मावशीनं सांगितलं, भाकरी थापता थापता. तिनं येशूच्या एका शिष्याची गोष्टही सांगितली. येशूला पकडून नेलं त्या रात्री तो अंगणातल्या विस्तवाशी हात शेकत बसला होता आणि विचारणाऱ्यांना म्हणाला, मी त्या माणसाला ओळखतच नाही. त्याच्या तोंडून जे निघालं ते निघालं. पुढं मेलेल्यातून उठल्यावर येशूनं तळ्याकाठी विस्तव पेटवला, मासे भाजले आणि त्याच शिष्याला आधी जेवायला बोलावलं. मी विचारलं, "आणि रागावला नाही?" मावशी म्हणाली, "आधी जेऊ घालं त्यानी." मामानं मला मासे धरायला शिकवलं होतं, म्हणून असेल, पण ती गोष्ट माझ्या मनात जाऊन बसली ती उठलीच नाही.

मला देव समजला, असं मी अजूनही म्हणत नाही. पण एक गोष्ट मला सोडत नव्हती. कोणी ऐकत नाही म्हणून ज्या जागी मी बोलत होतो, तिथंच कोणीतरी ऐकत होतं. मी मेलेल्या माणसाशी बोलत होतो आणि उत्तर मात्र जिवंत माणसाकडून येत होतं, डब्याच्या पिशवीत. मास्तरांनी चुकीचं ऐकलं, हे खरं. पण प्रेमानं चुकीचं ऐकणं आणि नीट ऐकून माणूस मारणं, हे दोन्ही मी पाहिलं आहे. त्यातलं कोणतं देवाच्या जवळचं, हे कळायला मला शास्त्री व्हावं लागलं नाही. मी प्रार्थना करायला लागलो. सुरुवातीला मागाच्या आवाजातच, सवयीनं.

काम पक्कं झालं. दोन वर्षांत मास्तरांचा अर्धा भार मी उचलायला लागलो, शेठ मला नावानं हाक मारायला लागले. कोणी विचारलं, कुठला रे तू, तर मी सांगायचो. पहिल्यांदा सांगताना जीभ जड झाली, मग सवय झाली. मग मी बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. पाळकसाहेबांनी विचारलं, "कोणाशी काही राहिलंय का तुमचं? असेल तर आधी ते करून या." मास्तर माझ्याकडे बघत होते. त्यांनी ओठ नुसते हलवले, आवाज काढला नाही. आतापर्यंत मीही थोडंफार वाचायला शिकलो होतो. ते म्हणत होते, मामी.

मामा गेला तेव्हा मामी बाळंतीण होती, बारा दिवसांची. खळ्यावर ती नव्हतीच. पुढं ती गाव सोडून तालुक्याला आली होती, आश्रमशाळेत स्वयंपाक करत होती. पत्ता मिळवायला वेळ लागला नाही, वेळ लागला तो मनाला. भुसावळमार्गे नागपूर, तिथून दोन एसट्या. पिशवीत मावशीनं दिलेल्या भाकरी, मामीला साडी, आणि का कोण जाणे, त्या अकरा माचिसी. वाटेत दोनदा मी उतरून परतीची गाडी बघितली.

मामीनं मला लगेच ओळखलं. "पार वाळून गेला ना रे तू," म्हणाली, आणि चुलीपाशी पाट सरकवला. मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो. उभ्या उभ्याच सांगितलं. मामाचं नाव मी घेतलं मामी, खळ्यावर. मी लहान होतो पण मीच घेतलं. आणि तो पोलिसाकडे माचिस मागत होता, तेवढं सांगायचं माझ्याकडून राहिलं.

मामी चुलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माचिस मीच घेतली होती रे."

मला कळेना.

"बाजाराच्या दिवशी. चूल विझली होती. त्याच्या खिशातली माचिस मीच काढून घेतली. म्हटलं, बाजारात घेऊन घेजो दुसरी. संध्याकाळी सांगत होता तो, पोलिसाले माचिस मागितली म्हून." तिनं पदरानं तोंड पुसलं. "ती राहिली असती त्याच्यापाशी, तं कायले मागाले गेला असता तो पोलिसाले? मीच मारला त्याले. इतके वर्स कोनाले सांगितलं नाही मी."

म्हणजे एकाच माचिसची दोन टोकं धरून आम्ही दोघं इतकी वर्षं बसलो होतो, ती इथं आणि मी सुरतेत. मला तिचं ते वाक्य सहन होईना. तिला काय सांगावं म्हणून मी ती सकाळ आठवायला लागलो, पहिल्यापासून, जशी पाहिली तशी. ते आले, आम्हाला बसवलं, सहा जण होते. आणि बोलता बोलता मीच थांबलो.

"मामी," मी म्हणालो, "एकाच्या खांद्यावर दोर होता. नवा. आले तेव्हाच होता."

तिनं मान वर केली.

"मला वाटलं होतं, बैल न्यायला आलेत. पण बैल नेला नाही त्यांनी, मामी. त्यांनी विचारायच्या आधीच माणूस बांधायला दोर आणला होता. ठरवूनच आले होते ते. माचिस असती तरी. मी गप्प बसलो असतो तरी."

"तू पाहिला?" तिनं विचारलं. "तुह्या डोळ्यानं?"

"माझ्या डोळ्यांनी पाहिला."

मामी तिथंच भिंतीला टेकून बसली आणि रडली, मोठ्यानं, बाळंतपणात ज्यांना रडू देत नाहीत त्यांचं राहून गेलेलं असतं तसं. मीही पाटावर बसलो. मी नाव घेतलं होतं, ते घेतलंच होतं, त्यातलं काही पुसलं गेलं नाही. पण लहानपणी दिली त्या साक्षीनं एक माणूस गेला आणि ही दिली तिनं एक माणूस मोकळा झाला, हे मी माझ्या डोळ्यांसमोर बघत होतो. दोन्हीला शब्द तोच आहे, याचा मला पुन्हा कधी राग आला नाही.

बऱ्याच वेळानं मामी उठली. चूल विझली होती. तिनं फळीवर हात फिरवला, तिथली माचिस रिकामी निघाली. मी पिशवी उघडून पुढं केली. तिनं आत डोकावून पाहिलं.

"इतक्या माचिसी कायले रे? बिडी ओढते का तू?"

"नाही," मी म्हणालो, "मामानं दिल्या."

मामीनं माझ्याकडे पाहिलं. एक पेटी काढली, काडी ओढली. इतके दिवस ट्रंकेत पडलेली, पेटते की नाही म्हणून मी बघत होतो. पेटली. तिनं चुलीत जाळ केला आणि मला जेवायला वाढलं.